डावरीचं स्वयंपाकघर

३ ऑक्टोबर

डावरी,

काल खालच्या घरातल्या पाहुण्याच्या अंगठ्याला चार टाके पडले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

माणूस चांगला होता. तो, बायको आणि सासू, आठवडाभराच्या सुट्टीसाठी आले होते. वाटाण्याचा डबा उघडायला त्याने तुझा ओपनर घेतला. ओपनर डाव्या हाताचा, हा उजव्या हाताने जोर लावत बसला. पत्रा उसळला आणि अंगठ्यात घुसला. सासू म्हणाली, "घरी आम्ही जावईबापूंना कप उचलू देत नाही, आणि इथे सुट्टीत हे." मी त्याला दवाखान्यात नेलं, टाके होईपर्यंत बाहेर बसले, परत आणलं आणि डबा उघडून दिला. मला तो ओपनर चालवता येतो. इतक्या वर्षांत हात बसला आहे.

संध्याकाळी बुकिंगवाल्याचा फोन आला. ज्याच्या वेबसाइटवर आपलं घर आहे, तो हा. प्रत्येक वाक्यानंतर थांबतो, जणू मी लिहून घेते आहे.

"मॅडम, स्वयंपाकघर सरळ करून घ्या. पुढच्या महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मला घर यादीतून काढावं लागेल."

"ते सरळच आहे," मी म्हणाले, "फक्त डावखुरं आहे."

"मॅडम, पाहुण्यांना दोन्ही एकच."

यादीतून काढलं की खाली कुणी येणार नाही. ते काही मोठं संकट नाही. माझं माझ्या पेन्शनवर भागतं. पण घर बंद राहिलं की भिंती ओल धरतात, नळ गंजतात, आणि मग दुरुस्ती मलाच करावी लागते. तेवढ्यापुरताच माझा त्यात संबंध.

खालचं घर तुझं आहे. बाबांनी वर मला आणि खाली तुला दिलं, तेव्हाच सांगितलं होतं की एकीने दुसरीच्या खिळ्यालाही हात लावायचा नाही. पाहुणे ठेवते आहे ते तुझा मुलगा फोनवर म्हणाला म्हणून, "आई म्हणते, मावशीला काय करायचं ते करू दे." पण ओटा फिरवणं म्हणजे खिळा नव्हे. त्यासाठी तुझा होकार हवा, आणि तो तुझ्याकडून हवा, मुलाकडून नको.

आठवण करून देते, कारण तू विसरली असशील. तो ओटा बांधायच्या आधी बाबा आठवडाभर उजवा हात पँटच्या खिशात घालून वावरले होते. डाव्या हाताने चहा केला, पाव कापला, भांडी घासली, आणि कुठे अडतं ते पाहिलं. आई म्हणाली, "वर्कशॉपमधली यंत्रं कमी पडली म्हणून आता माझ्या कपबश्या फोडा." चार फुटल्या. मग त्यांनी भांडी निथळायची जाळी उजवीकडे घेतली, फ्रिजचं दार उलटं बसवलं, आणि कुठून कुठून शोधून ती सुरी, कात्री, ओपनर आणि उजवीकडे चोच असलेलं दुधाचं पातेलं आणलं. शेवटी तुला आत उभं करून म्हणाले, "घे. आता या घरात बाकी सगळे डावरे."

तेव्हा सांग. बदलू की नको? एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

माझी तब्येत ठीक आहे.

ताई


१२ ऑक्टोबर

डावरी,

उत्तर आलं नाही. टपाल हळू चाललंय असं धरून चालते.

परवा बुकिंगवाला स्वतः येऊन गेला. तुझ्या ओट्यासमोरच्या स्टुलावर बसला आणि पाहुण्यांच्या तक्रारी मोबाइलवरून मला वाचून दाखवल्या. मी चहा दिला होता, तो गार होईपर्यंत वाचत होता.

सुरी कापत नाही. कात्री कापत नाही. पातेल्यातून दूध सांडतं. ते समजण्यासारखं आहे. पण बाकीचं ऐक. बाथरूममध्ये टॉवेलला एकच खुंटी. पलंगाशेजारी दिवा नाही, पुस्तक वाचून उठून बटण बंद करायला जावं लागतं. उशा विटेसारख्या. कचऱ्याचा डबा चिमणीचं घरटं आहे. आणि जिकडे तिकडे कागद चिकटवलेले.

"कागद सूचनांचे आहेत," मी म्हणाले. "न सांगता लोकांना कळत नाही. मागे एकाने गादी वाळवायला टेबलाचा उपयोग केला."

"मॅडम, संडासाच्या दारावर तीन आहेत."

"तिन्ही वेगवेगळ्या विषयांवर आहेत."

त्याने मान खाली घातली. हसला असावा. मग म्हणाला, "एक शेवटची तक्रार आहे. वाचू का?"

"वाचा की. एवढं वाचलंत."

"मालकीणबाई फार येतात."

मी विचारलं, कुणी लिहिलं आहे. तो म्हणाला, बऱ्याच जणांनी. मी त्याला स्पष्ट सांगितलं की बोलावल्याशिवाय मी कधीही खाली जात नाही. ओपनर चालत नाही म्हणून बोलावतात, मी जाते, डबा उघडून देते. कात्री चालत नाही, जाते, पिशवी कापून देते. आता गेल्यावर लोक बस म्हणतात. दोन शब्द बोलावे लागतात. त्यांची मुलं काय करतात हे विचारलं नाही तर माणूस शिष्ट वाटतो. टॉवेल द्यायला गेले असेन एखादवेळी. किंवा गिझर पाहायला. गिझर जुना आहे.

तो म्हणाला, "मॅडम, लोक स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचं घर घेतात ते कशासाठी? चार दिवस कुणी विचारणारं नको म्हणून. आल्याबरोबर हातात किल्ली, चहासाखर, दूध, धारेची सुरी आणि बंद होणारं दार. एवढ्यावर माणूस खूश असतो."

मी म्हणाले, "एवढ्यावर माणूस खूश असतो, तर मग लग्नं कशाला करतात?"

तो गेल्यावर मी कागद काढले. गिझरचा ठेवला आहे.

एक चांगलं मात्र सांगते. गेल्या उन्हाळ्यात एक शिंपीणबाई नवऱ्याबरोबर आली होती. मी किल्ली देऊन वळते आहे तोच तिने पाव कापायला घेतला. एक काप कापला, थांबली, सुरीकडे पाहिलं, आणि मग अख्खा पाव कापून टाकला. नवरा म्हणाला, "अगं, एवढं कोण खाणार?" ती म्हणाली, "तू. मला मध्ये बोलू नकोस." मग कात्री घेऊन जुनं वर्तमानपत्र कापत बसली. डावखुरी होती, पण आयुष्यभर उजव्या कात्रीने कापड कापलं होतं तिने, अंगठ्याला घट्टा होता. मला म्हणाली, "हे घर कुणाचं आहे हो?"

मी म्हणाले, "बहिणीचं. बाहेरगावी गेली आहे."

"कधी येणार?"

"येईल," मी म्हणाले. दारात उभं राहून दुसरं काय सांगायचं.

त्या आठवड्यात मला खाली कुणी बोलावलं नाही. सगळं त्यांचं त्यांना जमत होतं.

उत्तराची वाट पाहते. ओट्याबद्दल.

ताई


२१ ऑक्टोबर

डावरी,

तुझं कार्ड मिळालं. "बदलून टाक." बस. खाली सहीसुद्धा नाही.

एका शब्दात कळव असं मीच लिहिलं होतं, हे मला मान्य आहे. तू दोन शब्द लिहिलेस. पण ते तू लिहिलेले नाहीत. तुझं अक्षर मी ओळखते, वाऱ्यात उभं राहिल्यासारखं एका बाजूला झुकलेलं, पण वळणदार. हे पहिलीतल्या पोराचं अक्षर आहे. ओळ कागद सोडून खाली गेली आहे. नातवाच्या हातात पेन देऊन "लिही मावशीआजीला" म्हणालीस ना? बाबांनी आठवडाभर हात खिशात घातला आणि तू एक मिनिट पेन हातात घेतलं नाहीस.

तुझा राग कशावर आहे ते मी विसरलेले नाही. नातू झाला तेव्हा तू चार महिन्यांसाठी गेलीस. चाराचे आठ झाले. मी फोनवर म्हणाले, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तू म्हणालीस, "ताई, मुलाच्या घरी मला कुणी किल्ली परत मागत नाही. तुझ्याकडे माणूस श्वास घेतो तोही नियमाने." आणि फोन ठेवलास. कोण जास्त बोललं याचा हिशोब मी केलेला नाही. त्यानंतर तुझा मुलगा सणासुदीला फोन करतो, "आई बरी आहे" म्हणतो, मी "मीही बरी आहे" म्हणते. सात वर्षं दोघी बऱ्या आहोत.

सुताराला मी बोलावणार नाही. होकार तुझ्या हातचा आल्याशिवाय एक फळी हलणार नाही. बुकिंगवाल्याला काय करायचं ते करू दे. तुझं घर तसंच राहील, मग खाली कुणी येवो न येवो.

खाली सध्या कुणी नाही. अंगठ्याची बातमी पसरली असावी. काल तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून आले. पाणी लाल आलं, मग स्वच्छ झालं. वर येऊन चहा केला. तू खालून चमच्याने पाण्याच्या पाइपवर दोनदा वाजवायचीस, चहा झाला असा त्याचा अर्थ. पाइप अजून तोच आहे. पाहुण्यांना हे सांगायचं काही कारण नाही, म्हणून सांगितलेलं नाही.

ताई


३१ ऑक्टोबर

डावरी,

तुझं पत्र आलं. तेच अक्षर पाहिलं आणि चिडून उघडलं. तिसऱ्या ओळीपाशी खाली बसले.

तुझी वाक्यं तुलाच परत लिहिते, मी नीट वाचलं आहे हे कळावं म्हणून. "ताई, अक्षर माझंच आहे. उजव्या हाताचं आहे. गेल्या वर्षी एका सकाळी डावी बाजू गेली. पाय परत आला. हात आला नाही. तो मांडीवर ठेवलेला असतो, शेजाऱ्याचं मांजर बसावं तसा."

पुढे लिहितेस, कळवलं नाही कारण मी पुढच्याच गाडीने आले असते आणि तुझ्या सुनेच्या घरभर सूचनांचे कागद चिकटवले असते. खरं आहे. चिकटवले असते. तरी कळवायचं होतं. तुझ्या मुलाशी मी यावर बोलेन. "आई बरी आहे" म्हणजे काय, हे त्याच्याकडून समजून घ्यायचं आहे. त्याने सांगू नये असं तूच बजावलंस म्हणतेस, तर बोलणं थोडक्यात आटोपेन.

आणि मग हे: "मला वाटलं होतं, माझ्या पाठीमागे आठ दिवसांत तू ओटा उजवा करून टाकला असशील. सगळं तसंच आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. मी हसायला लागले. सून धावत आली, तिला वाटलं पुन्हा काही झालं. ज्या हातासाठी तू माणसांचे अंगठे कापते आहेस, तो हात आता नाही, ताई. बदलून टाक. ती सुरी आणि कात्री शिंपीणबाईला पाठव."

शेवटची ओळ मी उतरवणार नव्हते. उतरवते. "आणि खरं सांग, तो ओपनर तू माझ्यासाठी ठेवला होतास की तुला कुणीतरी खाली बोलवावं म्हणून?"

मी खाली गेले. ओपनर ड्रॉवरमधून काढला आणि वर आणला. घर रिकामं होतं, त्यामुळे कुणाला काही कारण सांगावं लागलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आधी तुझ्यासाठी. नंतर दोन्ही.

ताई


१६ नोव्हेंबर

डावरी,

सुतार येऊन गेला. ओटा फिरला. बुकिंगवाल्याला हवं होतं तेवढं तीन दिवसांत झालं, पुढचं माझ्यामुळे लांबलं.

झालं असं की काम संपवून सुतार हात धूत होता आणि मी नव्या ओट्यासमोर उभी होते. सगळं उजवं, बाजारात मिळतं तसं. कुणालाही चालेल. तुला मात्र चालणार नाही, कारण उजव्या हाताच्या माणसाला डावा हातही असतो. पाव कोण धरणार? भांडं कोण धरणार?

मी जुनी ओढणी घेतली, सुताराला म्हणाले, "माझा डावा हात गळ्यात बांधा."

"लागलंय का?"

"नाही. बांधा."

त्याने बांधला. मग दाराबाहेर जाऊन बायकोला फोन केला, मी ऐकलं. म्हणाला, "म्हातारी बरी आहे बहुतेक. मी थोडा वेळ थांबतो इथेच."

आठवडाभर तुझ्या स्वयंपाकघरात मी एका हाताने राहिले. बटाटा सोलता येत नाही, तो पळतो. अंडं फोडता येतं, कवच काढता येत नाही. काचेच्या बरणीचं झाकण म्हणजे वैरी. ओला फडका एका हाताने पिळता येत नाही, नळाभोवती गुंडाळून पीळ द्यावा लागतो. आणि दारातून आत येताना हातात पिशवी असेल तर दिव्याचं बटण नाकाने दाबावं लागतं. कपबश्या तीन फुटल्या, म्हणजे बाबांपेक्षा एक कमी.

सुतार रोज संध्याकाळी यायचा, "आज काय अडलं?" म्हणून विचारायचा. त्याने कापायच्या फळीला खालून दोन खिळे मारून टोकं वर काढली, बटाटा त्यावर खोचायचा की हलत नाही. फळीच्या कोपऱ्याला दोन पट्ट्या ठोकल्या, पाव तिथे टेकतो. बरण्यांसाठी कपाटाखाली एक खाच केली, झाकण तिच्यात अडकवून बरणी फिरवायची. भिंतीवर हँडलचा ओपनर बसवला, डबा खाली धरला की तो स्वतःच पकडतो. दिव्याचं बटण कोपराच्या उंचीवर आणलं. बाथरूममध्ये आणखी खुंट्या आणि एक दांडी लावली. पलंगाशेजारी दिवा आला. उशा नव्या. कचऱ्याचा डबा एवढा मोठा आणला आहे की त्यात बुकिंगवाला मावेल.

तो काल पाहायला आला. भिंतीवरचा ओपनर फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला, रिकाम्या हाताने डबा उघडल्यासारखं करत राहिला. म्हणाला, "मॅडम, हे फारच छान झालं. हे कुणालाही जमेल. कुणासाठी केलंत?"

"पाहुण्यांसाठी," मी म्हणाले.

"डिसेंबर पूर्ण भरतो तुमचा."

"डिसेंबर देऊ नका. त्याच्या आधीचा आठवडाही नको. घर घेतलेलं आहे."

"कुणी घेतलं? मला तर काही दिसत नाही."

मी सांगितलं, नोंद मागाहून करू.

तेव्हा आता तुला विचारते. सुरी आणि कात्री शिंपीणबाईला गेली, तिची पोच आली. घर तयार आहे. येतेस का? एकटीने प्रवास करू नकोस, मुलाला सोबत घे, त्याच्याशी मी फार बोलणार नाही. तुला पाहुणी म्हणून बोलावते आहे असं समज, मालकीण म्हणून समज, तुला परवडेल ते समज. राहून पाहा. आवडलं नाही तर तक्रार लिही, बुकिंगवाला वाचून दाखवेल.

मला हेही माहीत आहे की तुझं तिथे नातवाशी जमलेलं आहे आणि तू आली नाहीस तर ते रागाने नसेल. तसं असेल तर तसं लिही, उजव्या हाताने, कितीही वेडंवाकडं. मी घर डिसेंबरनंतर देईन. लोक येतील, डबे त्यांचे ते उघडतील.

भिंतीवर एकही कागद नाही. गिझरचाही काढला. आणि मी बोलावल्याशिवाय खाली येणार नाही. हे लिहून देते आहे, म्हणजे तुला दाखवता येईल.

ताई


२९ नोव्हेंबर

डावरी,

तू खाली आहेस आणि मी वर बसून हे लिहिते आहे, पण बुकिंगवाल्याचा नियम आहे की किल्ली देताना काय काय सुपूर्द केलं ते लिहून पाहुण्याला द्यायचं आणि एक प्रत ठेवायची. मुलगा परत जाताना दाराखालून सरकवेल.

आज दुपारी दिलं ते असं. मुख्य दाराची किल्ली, मोठ्या कडीत, म्हणजे पकडायला सोपी. तू ती उजव्या हातात घेतलीस आणि दार स्वतः उघडलंस, मी मध्ये पडले नाही. फ्रिजमध्ये दूध, लोणी, अंडी. डब्यात चहा, साखर, मीठ. पाव न कापलेला, तुला कापून पाहायचा असेल म्हणून. चार टॉवेल. कप सहा होते, आता तीन आहेत, कारण तुला माहीत आहे. दुधाचं पातेलं उजवीकडे चोच असलेलं, ते मी बदललं नाही, ते तसंच राहू दे, त्यात पेनं ठेव. तुझा जुना ओपनर माझ्याकडे आहे, मागितलास तर मिळेल.

किल्ली परत करण्याची तारीख या जागी लिहायची असते. ती मोकळी सोडली आहे.

आणि एक जाड दांड्याचा चमचा, पाइपजवळच्या खुंटीवर टांगलेला. तो दिल्याची नोंद करत होते तेवढ्यात तू वाजवलास. दोनदा. ऐकू आलं. बाकीचं परत आल्यावर लिहीन.